कामाचा रकाना

वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या अर्जात दहावी-बारावीचा तपशील भरावा लागतो, प्रवर्ग लिहावा लागतो, फोटो आणि सही चढवावी लागते. आजवर तू कोणतं काम केलंस, हे विचारणारा रकाना मात्र त्यात नसतो. चाकण एमआयडीसीच्या कडेला निघोजे, कुरुळी, म्हाळुंगे, खराबवाडी इथल्या भाड्याच्या खोल्यांतून हा अर्ज भरणाऱ्या मुलांकडे त्या रकान्यात लिहिण्याजोगं पुष्कळ असतं. ड्रॉप घेतलेला मुलगा क्लासची फी जमवायला ठेकेदारामार्फत पॅकिंगला उभा राहतो. मुलगी आईच्या मेसचे डबे भरून झाल्यावर पुस्तक उघडते. वडिलांचा हात प्रेसमध्ये सापडला तर ड्रेसिंगला नेणं, ईएसआयच्या रांगेत कागद घेऊन थांबणं हे घरातल्या शिकणाऱ्या पोराकडेच येतं. 180 प्रश्न, 720 गुण आणि तीन तासांच्या हिशेबात यातलं काहीही धरलं जात नाही.

अमेरिकेत ते धरलं जातं. तिथल्या बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांसाठी जो सामाईक अर्ज असतो, त्यात कामं आणि उपक्रम लिहायला पंधरा जागा असतात. प्रत्येक कामाचे एकूण तास लिहायचे, आणि त्यातली जास्तीत जास्त तीन कामं सर्वांत अर्थपूर्ण म्हणून निवडून त्यांविषयी जरा सविस्तर लिहायचं. वैद्यकाशी संबंध नसलेल्या पगारी नोकरीसाठी स्वतंत्र वर्ग आहे, म्हणजे हॉटेलात बशा उचलणाऱ्या मुलीलाही ते काम मान वर करून लिहिता येतं. न्यू जर्सीतल्या मराठी घरातली मुलगी रविवारच्या मराठी शाळेत शिकवत असेल, तर तेही तिथे नोंदवता येतं. हे वाचताना चाकणच्या मुलांसाठी असंच काही हवं, असं मनात येणं अगदी स्वाभाविक आहे.

तरीही प्रवेशाच्या अर्जात हा रकाना आणू नये, असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेतल्या त्या पंधरा जागांत प्रयोगशाळेतलं संशोधन असतं, डॉक्टरांच्या मागे उभं राहून केलेलं निरीक्षण असतं. त्यासाठी ओळख लागते, गाडी लागते, बिनपगारी उन्हाळा परवडावा लागतो. तिथल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी जवळपास निम्मे देशातल्या सर्वांत श्रीमंत वीस टक्के कुटुंबांतले आहेत, हे त्या महाविद्यालयांच्या संघटनेच्याच आकडेवारीतून दिसतं. याला एकटा तो अर्ज जबाबदार आहे असं कोणी म्हणणार नाही, पण त्या अर्जाने हे थांबवलेलं नाही एवढं नक्की.

आपल्याकडे तर प्रमाणपत्राला गुण लागले की काय होतं, ते आपण पाहिलेलं आहे. दहावीला चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांचे, खेळाचे, शास्त्रीय नृत्याचे वाढीव गुण मिळतात. हेतू चांगलाच होता. पण ते गुण मिळवण्यासाठी आधी संध्याकाळ मोकळी हवी आणि क्लासची फी हवी. सरकारी नोकरीतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणासाठी तर खेळाची बनावट प्रमाणपत्रं निघाली. उद्या सेवेच्या तासांना गुण मिळू लागले, तर चिंचवडच्या कुठल्याही खासगी रुग्णालयाच्या लेटरहेडवर दोनशे तास लिहून मिळतील. पॅकिंगला उभ्या राहिलेल्या मुलाला मात्र ठेकेदार साधी पगाराची पावतीसुद्धा देणार नाही.

आणखी एक जुनी गोष्ट विसरता कामा नये. वैद्यकीय शिक्षणात माणसाच्या मर्जीला जागा राहिली की काय घडू शकतं, हे महाराष्ट्राने 1986 साली अनुभवलं. एम.डी.च्या गुणांत फेरफार झाल्याच्या प्रकरणात खुद्द मुख्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं होतं. पुढे खासगी महाविद्यालयांच्या वेगवेगळ्या परीक्षा आणि त्यांभोवतीचे व्यवहार आले. 2016 मध्ये नीट पुन्हा लागू झाली तेव्हा गरीब घरांनी काही अंशी सुटकेचा निःश्वास टाकला, तो यामुळे. 2024 च्या पेपरफुटीने त्या विश्वासाला मोठा तडा गेला. तरी मुलाखतीपेक्षा उत्तरपत्रिका बरी, असं मानणाऱ्या मजुराच्या पोराला मी चूक म्हणू शकत नाही.

सेवाग्रामचं उदाहरण इथे मला फार मोलाचं वाटतं. डॉ. सुशीला नय्यर यांनी 1969 मध्ये सुरू केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेची प्रवेशपरीक्षा अनेक वर्षं वेगळी होती आणि तिच्यात गांधीविचारांचा एक पेपर असे. तो पेपर नीट आल्यावर गेला. पहिल्या वर्षाच्या मुलांचं आश्रमातलं शिबिर, तिथलं श्रमदान, तुकडीने एक गाव दत्तक घेऊन घरोघरी जाणं, हे सगळं प्रवेशानंतरचं होतं. विचारांचा पेपर पाठांतराने सोडवता येतो. आश्रमात झाडू हातात घेऊन घालवलेली सकाळ पाठ करता येत नाही. त्यामुळे त्या संस्थेचा खरा ठेवा मला दुसऱ्या भागात दिसतो.

भारतातल्या वैद्यकीय प्रवेशात श्रमाची नोंद पाहिली जाते अशी एक जागा आहे, पण तिथली नोंद पालकांच्या श्रमाची असते. कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या, म्हणजे ईएसआयच्या, महाविद्यालयांत विमाधारक कामगारांच्या मुलांसाठी काही जागा राखलेल्या असतात. फरिदाबाद, चेन्नई, कलबुर्गी, हैदराबाद अशा ठिकाणी ही महाविद्यालयं आहेत. त्यासाठी आई किंवा वडील विम्याखाली असल्याचा आणि ठरावीक काळाची वर्गणी भरली गेल्याचा दाखला लागतो. कल्पना उत्तम आहे. पण चाकणमध्ये कामगार ठेकेदाराकडे असतो, सहा-सात महिन्यांनी त्याला ब्रेक मिळतो, पुढचा ठेकेदार नाव वेळेवर चढवेलच असं नसतं. दुसऱ्या बाजूला, ओव्हरटाइम सोडून पगार महिना 21,000 रुपयांच्या वर गेला की तो विम्याबाहेर पडतो. पंधरा वर्षं त्याच पट्ट्यात राबलेल्या बापाच्या नावावर सलग नोकरी म्हणून कागदावर फार थोडं उरतं. नवा रकाना मागण्याआधी या आहे त्या रकान्यातली ठेकेदारांची गळती बंद करायला हवी. त्यासाठी नीटच्या नियमाला हात लावावा लागत नाही. प्रत्येक ठेकेदाराची वर्गणी वेळेत जमा होते का, हे मूळ कंपनीने पाहायचं आणि महामंडळाने तिला विचारायचं, एवढंच पुरे.

पण मुलांनी स्वतः केलेल्या कामाचं काय? गुणांशिवाय त्याला काही मोल आहे का? आहे, आणि ते रुग्णाच्या कामाचं आहे.

इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी 1700 साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. हिप्पोक्रेटिसने रुग्णाला विचारायला सांगितलेल्या प्रश्नांत त्यांनी एकाची भर घातली: तुम्ही काम काय करता? आज केस पेपरवर व्यवसाय अशी ओळ असते आणि तिच्यापुढे बहुतेकदा ‘मजुरी’ किंवा ‘कंपनीत’ असं लिहून पेन पुढे सरकतं. भोसरीच्या फाउंड्रीतल्या वाळूने फुप्फुसात सिलिका साचते. क्रोम प्लेटिंगच्या टाकीवर वर्षानुवर्षं उभं राहणाऱ्याच्या नाकाच्या पडद्याला भोक पडू शकतं. कूलंटमुळे हातांची कातडी फुटते आणि प्रेस शॉपच्या आवाजाने कान हळूहळू जातात. ‘कंपनीत’ या एका शब्दात यातलं काहीच कळत नाही. अशा रुग्णाला खरजेचं मलम आणि खोकल्याचं औषध देऊन पुन्हा त्याच मशीनवर पाठवलं जातं. काही ठरावीक व्यवसायजन्य रोग आढळले तर डॉक्टरने शासनाला कळवायचं, असं 1948 च्या कारखाने कायद्यात होतं आणि त्याची जागा घेणाऱ्या 2020 च्या संहितेतही आहे. पण जो विचारतच नाही, तो कळवणार काय?

ज्या मुलाने दोन महिने प्रेसजवळ काढलेत, तो पुढचा प्रश्न आपसूक विचारतो. मशीन दोन्ही हातांच्या बटणावर चालत होती की पायाच्या पॅडलवर? सेन्सर चालू होता की उत्पादन वाढवायला बंद ठेवला होता? नाइट शिफ्ट सलग कितवी होती? वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीत बोटं गमावणाऱ्या कामगारांवर ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था 2019 पासून ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते आहे. त्यात पॉवर प्रेस पुन्हा पुन्हा येते. हे प्रश्न फिजिऑलॉजीच्या पुस्तकात नाहीत. ते ज्यांना घरबसल्या ठाऊक आहेत, ती मुलं महाविद्यालयात गेल्यावर वडिलांचं काम सांगायला कचरतात, कारण वर्गातल्या अनेक मुलांचे आईवडील डॉक्टर असतात.

म्हणून रकाना हवा, पण प्रवेश पक्का झाल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात आणि बिनगुणांचा. पायाभूत अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थ्याने आपण आणि आपल्या घरच्यांनी कोणतं काम केलं ते लिहावं, आणि जनऔषधशास्त्राच्या शिक्षकांनी ते वाचून त्यातूनच व्यवसायाचा इतिहास कसा घ्यायचा ते शिकवावं. प्रेसवर राबलेल्या मुलाने डॉक्टरांच्या मुलीला तो पॅडल म्हणजे काय हे फळ्यावर काढून दाखवावं. विद्यार्थ्यांना कुटुंबं नेमून देणाऱ्या कुटुंब दत्तक योजनेत खेड्यातली घरं येतात तशी पिंपरीच्या महाविद्यालयांनी कुरुळी-निघोज्याच्या खोल्यांतली घरंही घ्यावीत. ती माणसं वर्षभरात खोली बदलतात, ठेकेदार बदलतात. त्यांचा माग ठेवणं अवघड जाईल, आणि विद्यार्थ्यांनी शिकायचं ते नेमकं हेच आहे: त्या घरातला खोकला कोणत्या कंपनीतून, कोणत्या लाइनवरून आला, हे वहीत तारखेनिशी लिहून ठेवणं.