निबंधाचं पहिलं वाक्य

केळापूर, फाल्गुन

चि. बाईस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझा खर्डा दोनदा वाचला. ‘न्यायसूत्रांत गौतमाने सांगितलं तेच अॅरिस्टॉटलने सांगितलं’, हे पहिलं वाक्य आधी खोड. ते राहिलं तर पुढची सगळी पानं साम्यं गोळा करण्यात जातील.

गेल्या मार्गशीर्षातली सकाळ आठव. धुऱ्यावरून तू ओरडलीस, “मामा, पलीकडच्या पऱ्हाटीत धूर!” आपण दोघं धावलो. जवळ जाऊन पाहतो तर धुई. तुरीच्या फुलांवर थेंब लोंबत होते. जिथे धूर तिथे आग, इथे धूर आहे, म्हणून इथे आग आहे. अॅरिस्टॉटलच्या मापाने या तीन वाक्यांची बांधणी पक्की. मधलं वाक्य खोटं निघालं तरी तिला तडा जात नाही. पहिली दोन मानलीस तर तिसरं मानावं लागेल, एवढीच तिची हमी. गौतमाच्या परंपरेतला नैयायिक मात्र म्हणेल, धूर हा हेतूच असिद्ध, अनुमान झालंच नाही. त्याला खरं ज्ञान हवं आणि समोरच्याला ते पटवायचंही आहे. म्हणून त्याची वाक्यं पाच: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. आणि उदाहरणात काय, तर स्वयंपाकघर! धूर आणि आग जिथे एकत्र पाहिली ती जागा. तुझ्या आजीची चूलच म्हण ना. ही चूल अनुमानात कशाला हवी, एवढ्या एका प्रश्नावर तुझा निबंध उभा राहील.

‘आपल्याकडे हे आधीच होतं’ या बोलण्याने मला फार वाईट वाटतं. तिथे गौतम आणि अॅरिस्टॉटल, दोघांनाही वाचणं थांबतं. टिळकांचं ‘गीतारहस्य’ (१९१५) काढ. मिल आणि कांट त्यांनी शोभेला आणलेले नाहीत. मिलच्या सुखवादाशी ते मुद्द्याला मुद्दा देऊन भांडतात. १९८३ साली पुण्यात दया कृष्ण आणि मे. पुं. रेगे यांनी तर रसेलचा विधानाविषयीचा सिद्धांत संस्कृतातून पंडितांपुढे ठेवला आणि त्यांचं मत मागितलं. न्याय हे तिथे जुनं दप्तर नव्हतं, बोलणारा पक्ष होता. त्या चर्चेचं ‘संवाद’ नावाचं पुस्तक ग्रंथालयात माग.

पाडव्याला येशील तेव्हा चुलीवरची दोन पानं लिहून आण. जगदंबेच्या देवळात बसून वाचू.

तुझा,
मामा