आधी हात, मग बोल



आपण क्रिकेट पाहणारी माणसे. बर्फ आपल्याला ठाऊक तो मासळीच्या टोपलीतला, नाहीतर सरबताच्या पेल्यातला. पायात धारदार पाती बांधून बर्फावर धावण्याची शर्यत आपल्याला परकीच वाटते. तरीही अशाच एका शर्यतीतील एक प्रसंग आज आपण समजून घेऊ या, कारण त्यात आपल्या घराघरांसाठी एक बोध आहे.

१० फेब्रुवारी २०१८ चा दिवस. दक्षिण कोरियात प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिक चालू होते. गांगनुंग येथे महिलांच्या शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंगमधील ३००० मीटर रिलेची उपांत्य फेरी होती. सुमारे १११ मीटरच्या लंबगोल मार्गावर २७ फेऱ्या मारायच्या आणि प्रत्येक संघात चौघी जणी. आपल्या शाळेतील रिलेत असते तशी काठी इथे नसते. पुढची मुलगी वाकून तयार असते आणि मागून येणारी तिला दोन्ही हातांनी ढकलून आपला वेग तिच्या स्वाधीन करते. स्पर्श झाल्याशिवाय पुढच्या मुलीची पाळी सुरू होत नाही.

१९९४ ते २०१४ या काळातील सहा ऑलिंपिकपैकी पाचांत या शर्यतीचे सुवर्णपदक कोरियाच्या मुलींनी जिंकले होते. आता तर स्पर्धा त्यांच्याच देशात होती. आणि वीसहून अधिक फेऱ्या शिल्लक असतानाच त्यांची ली यू-बिन घसरून पडली. तिचे वय होते १६ वर्षे. सारे स्टेडियम तिच्याकडे पाहत होते.

पडल्या पडल्या तिने हात पुढे केला. तिची सहकारी चोई मिन-जंग लगेच जवळ आली, तिने त्या हाताला स्पर्श केला आणि ती पुढे निघाली. "काय केलेस हे?" असे विचारायला ती थांबली नाही. इतर संघ तोवर जवळजवळ अर्धी फेरी पुढे गेले होते. मग चौघींनी मिळून ते अंतर एकेक फेरी करीत कापले. शर्यत संपली तेव्हा त्या पहिल्या होत्या आणि ४ मिनिटे ६.३८७ सेकंद ही त्यांची वेळ त्या दिवशीचा नवा ऑलिंपिक विक्रम ठरली.

आता संत मत्तयच्या शुभवर्तमानाचा १४ वा अध्याय आठवू या. तिथे बर्फ नाही, पण पाणी आहे. पेत्र पाण्यावर चालू लागतो, वारा पाहून घाबरतो आणि बुडू लागतो. प्रभू येशू काय करतो? तो तत्काळ हात पुढे करून त्याला धरतो. पेत्राच्या अल्पविश्वासाबद्दल प्रभू बोलतो, हे खरे आहे. पण ते त्याला धरल्यानंतर. आधी हात, मग बोल. प्रभूचा हा क्रम आपण नीट लक्षात ठेवला पाहिजे, कारण आपला क्रम बहुधा उलटा असतो.

मुलगा परीक्षेत नापास झाला, कोणी पुन्हा दारूच्या गुत्त्यावर दिसला, कोणाच्या मुलीचा संसार मोडला, की आधी आपली जीभ पुढे जाते. "तरी मी सांगत होते," हे वाक्य आपल्या ओठांवर तयारच असते. आम्ही धर्मगुरूही यातून सुटलेलो नाही. चर्चमध्ये बऱ्याच वर्षांनी पाऊल टाकणाऱ्याला "इतके दिवस कुठे होता?" असे आम्हीही विचारून बसतो. तेवढ्या एका प्रश्नाने माणूस दारातूनच परत फिरू शकतो.

हात उगारण्यासाठीही असतो, हे त्याच संघाच्या कथेत दिसते. संघाची कर्णधार शिम सुक-ही हिला स्पर्धेच्या काही आठवडे आधी तिच्या प्रशिक्षकाने मारहाण केली होती. ती सराव शिबिर सोडून गेली, पण पुन्हा परतली. पुढे मारहाणीबद्दल आणि त्याहूनही गंभीर अत्याचाराबद्दल न्यायालयाने त्या प्रशिक्षकाला तुरुंगवासाची शिक्षा दिली. शिस्तीच्या नावाखाली उगारलेला हात कोणाला जिंकायला शिकवत नाही. आपल्या मुलामुलींना घरात, शाळेत वा धर्मशिक्षणाच्या वर्गात असा हात भोगावा लागत असेल, तर गप्प राहणे हेही पाप आहे.

तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल म्हणतो की, मित्रांच्या साहाय्याने जे आपल्याला जमते, ते एका अर्थी आपल्यालाच जमते. संत थॉमस अक्वायनस आशा या सद्गुणाविषयी लिहिताना याच विचाराचा आधार घेतात. आशा म्हणजे स्वतःच्या बळाचा गर्व नव्हे. जे कठीण आहे ते देवाच्या साहाय्याने शक्य आहे, हा भरवसा म्हणजे आशा. पडलेल्या त्या मुलीनेही हात पुढे केला होता, हे विसरू नये. काही जण पडल्यावर लाजेने हातच आखडून घेतात. बंधू-भगिनींनो, पापनिवेदनाला येणे म्हणजे दुसरे काय असते? पडल्या जागेवरून हात पुढे करणे.

त्या उपांत्य फेरीनंतर चारच दिवसांनी राखेचा बुधवार होता. प्रायश्चित्तकाळात आपण क्रुसाची वाट करतो. त्या वाटेवर आपला प्रभू तीनदा पडतो. त्याचा भार उचलायला शिपायांनी कुरेनेकर शिमोनाला जबरदस्तीने पुढे केले. आपल्यावर कोणाची जबरदस्ती नाही. तरीही आपण बघ्यांच्या गर्दीत का उभे राहतो?

२० फेब्रुवारीला अंतिम फेरी झाली. ली यू-बिन तीत धावली नाही. तिच्या जागी किम आ-लांग होती. कोरियाने सुवर्णपदक जिंकले आणि ते पाचही जणींना मिळाले. जी पडली होती तिलाही मिळाले, कारण ती त्या संघाची होती. त्या मुली काही देवदूत नव्हत्या. पुढे त्यांच्यातही कटुता आली. ती आपल्या धर्मग्रामातही येते. तरी स्वर्गाच्या दारात देव आपल्याला किती वेळा पडलास एवढेच विचारील, असे आम्हांला वाटत नाही. तुझ्याजवळ जो पडला होता, त्याला तू हात दिलास का, हेही तो विचारील.

या आठवड्यात आपल्या घरातील, वाडीतील एका तरी पडलेल्या माणसाकडे आपण जाऊ या. जाताना उपदेश घरी ठेवू या, हात तेवढा बरोबर नेऊ या.

हे प्रभू येशू, बुडणाऱ्या पेत्राला तू धरलेस, तसे आम्हांलाही धर. आणि आमचे हात तुझे हात होऊ देत. आमेन.