सोळा ऑगस्टचा तिरंगा

दरवर्षी पंधरा ऑगस्टच्या आधी आम्ही उर्दू शाळेतले शिक्षक मुलांकडून झेंडावंदनाची तयारी करून घेतो. रांग सरळ हवी, केशरी रंग वर हवा, झेंडा जमिनीला लागता कामा नये, राष्ट्रगीत चालू असताना कुणी हलू नये. एवढी दक्षता कशासाठी? खरे सांगायचे तर मनात एक धास्ती असते. उर्दू शाळा म्हटली की काहींची नजर बदलते. कुणी बोट दाखवू नये म्हणून आम्ही जरा जास्तच ताठ उभे राहतो.

एका वर्षी सहावीतल्या एका मुलाने विचारले, "सर, इस में हरा रंग अपना है ना?" सारा वर्ग आमच्या तोंडाकडे पाहू लागला. 'हो' म्हणणे सोपे होते, पण ते खरे नव्हते. १९२१ च्या सुमारास झेंड्याचे रंग जमातींप्रमाणे वाटले गेले होते, हे खरे. पण १९३१ मध्ये काँग्रेसनेच ठरवले की रंगांना जातीय अर्थ नाही. पुढे २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने आजचा तिरंगा स्वीकारला. त्यासाठी नेमलेल्या समितीत मौलाना आझाद होते, तसेच डॉ. आंबेडकरही होते. डॉ. राधाकृष्णन यांनी केशरी रंगाचा अर्थ निःस्वार्थ त्याग, पांढऱ्याचा प्रकाश आणि सत्याचा मार्ग, तर हिरव्याचा मातीशी असलेले नाते असा सांगितला. आम्ही मुलाला म्हणालो, "बेटा, हरा तुझा आहेच, पण केशरीही तुझा आहे. आणि शेजारच्या मराठी शाळेतल्या मुलाचा हराही आहे."

दुसऱ्या दिवशी शाळेत येताना गटारीच्या कडेला कागदी झेंडे चिखलात पडलेले दिसले. लोक ओलांडून जात होते. आम्हीही दोन पावले पुढे गेलो, कारण आज बघणारे कोणी नव्हते. मग स्वतःचीच लाज वाटली.

२६ जानेवारी २००२ पासून लागू असलेली ध्वजसंहिता सांगते की कार्यक्रमानंतर कागदी झेंडे जमिनीवर टाकू नयेत, मान राखून एकांतात त्यांची विल्हेवाट लावावी. फाटलेला झेंडाही एकांतातच, शक्यतो जाळून, नष्ट करावा. 'एकांतात' हा शब्द आम्हाला विचार करायला लावतो. चारचौघांत केलेल्या सलामीत दिखावा मिसळू शकतो. कुणी पाहत नसताना केलेल्या कामात फक्त नीयत उरते.

आपल्या घरांत अक्षर लिहिलेला कागद पायदळी येऊ नये म्हणून उचलून कोनाड्यात ठेवण्याची रीत आहे. हे आपल्याला शिकवावे लागत नाही. झेंड्याचा दर्जा वेगळा, इबादत वेगळी, पण अदबीची सवय तीच आहे.

आमची धास्ती अजून गेलेली नाही. पंधरा तारखेला आम्ही अजूनही ताठ उभे राहतो. फरक इतकाच की सोळा तारखेला मुलांबरोबर एक पिशवी घेऊन शाळेभोवती फिरतो. त्या वेळी मात्र आमचे लक्ष लोकांकडे नसते, जमिनीकडे असते.