कालवाच्या जनुकांचं घराणं

चिरून ठेवलेलं वांगं काळं पडतं, माणसाच्या कातडीला रंग येतो आणि समुद्रातल्या कालवाचं कवच घडतं. या तिन्ही कामांत एकाच घराण्यातली विकरं राबतात. माणसात आणि कालवात त्यांना टायरोसिनेज म्हणतात. या विकराच्या गाभ्यात तांब्याचे दोन अणू असतात आणि प्रत्येक अणू हिस्टिडिन नावाच्या तीन अमिनो आम्लांनी धरून ठेवलेला असतो. या खुणेवरून संगणक नव्या जनुकांतून नातेवाईक हुडकून काढतो.

2012 मध्ये ‘नेचर’मध्ये पॅसिफिक कालवाचा जीनोम प्रसिद्ध झाला. त्यात 28,027 जनुकं नोंदली गेली. माणसाकडे टायरोसिनेज घराण्यातली तीनच जनुकं आहेत. कालवाकडे विसांहून अधिक निघाली.

पण ही मोजणी वाटते तितकी सरळ नाही. कालवात आईकडून आणि बापाकडून आलेल्या डीएनएमध्ये इतका फरक असतो की एकाच जनुकाच्या दोन प्रती दोन स्वतंत्र जनुकं म्हणून मोजल्या जाऊ शकतात. म्हणूनच या जीनोमसाठी चार पिढ्या सख्ख्या भावंडांचा संकर करून वाढवलेली मादी निवडली होती. ही सावधगिरी नसती, तर घराणं उगाचच फुगलेलं दिसलं असतं.

मोजून झालं की वर्गवारी. काही टायरोसिनेज पेशीबाहेर स्रवतात, काही पेशीद्रवात राहतात, काही पेशीपटलात रुतलेली असतात. कालवात मुख्यतः बाहेर स्रवणाऱ्यांची वाढ झाली आहे, आणि त्यांतली बरीच जनुकं कवच घडवणाऱ्या मऊ पडद्यात चालू असतात. यात एक मोठी गंमत दडली आहे. मोत्याच्या शिंपल्यातही असंच घराणं वाढलंय, पण वंशवृक्ष मांडला तर कालवाची बरीच जनुकं कालवाच्याच जनुकांशी जुळतात आणि शिंपल्याची शिंपल्याशी. म्हणजे दोघांत ही वाढ स्वतंत्रपणे झाली. कालवातलं ‘टायरोसिनेज 3’ हे शिंपल्यातल्या ‘टायरोसिनेज 3’चंच रूप आहे, असं नुसत्या क्रमांकावरून धरून चालणाऱ्याचा निष्कर्ष पहिल्याच पायरीवर चुकतो.

नात्यावरून काम ठरवणं तर त्याहून धोक्याचं. ऑक्टोपसच्या रक्तातलं हिमोसायनिन याच तांब्याच्या गाभ्याचं, पण ते प्राणवायू वाहून नेतं. माणसाच्या तीन जनुकांपैकी एकाच्या विकरात तांब्याऐवजी जस्त बसतं आणि ते रंगद्रव्य बनण्याच्या साखळीतली वेगळीच पायरी पार पाडतं. संगणकानं दिलेलं नाव हा एक अंदाज असतो, आणि शोधनिबंधांनी तो अंदाज म्हणूनच मांडला पाहिजे. तो एकदा माहितीसाठ्यात शिरला की पुढचे अभ्यासक त्यालाच पुरावा मानू लागतात.

खरी परीक्षा जिवंत प्राण्यात होते. 2009 मध्ये जपानी संशोधकांनी मोत्याच्या शिंपल्यातलं ‘पिफ’ नावाचं जनुक दडपलं आणि मौक्तिक थर नीट वाढत नाही, हे पाहिलं. टायरोसिनेजच्या बाबतीत हे अधिक कठीण आहे, कारण एक प्रत दडपायला गेलं तर तिच्याशी जवळजवळ तंतोतंत जुळणारी शेजारचीही प्रत दबण्याची शक्यता असते. कवचात बिघाड दिसला तरी तो नेमका कोणत्या जनुकामुळे झाला, हे सिद्ध करायला प्रत्येक प्रतीचा वेगळा असलेला तुकडाच निशाणा म्हणून निवडावा लागतो.