तीन पायऱ्या

राजूरला पावसाळ्यातली सकाळ पागोळ्यांच्या आवाजानं उजाडते. भंडारदऱ्याच्या वाटेवरचं, अकोले तालुक्यातलं हे गाव. या डांगाण भागात घर बांधताना जोतं उंच घेतात, पाणी आत शिरू नये म्हणून. शाळाही याच शहाणपणानं बांधल्या जातात. उंच जोतं, पुढं पडवी आणि पडवीला तीन पायऱ्या. घंटा झाली की पोरं दोन ढांगांत वर.

पायात कॅलिपर आणि काखेत कुबडी असलेलं लेकरू मात्र पहिल्या पायरीशी थांबतं. पायरी ओली, कडेला शेवाळ. कुबडीचं रबर टेकवून ते अंदाज घेतं. तेवढ्यात गुरुजी दप्तर घेतात, एखादा मित्र दंडाला धरतो आणि ते वर पोचतं. ही मायाच आहे, तिला नावं ठेवू नयेत. पण मधल्या सुट्टीत सगळे मैदानात पळाले की ते पडवीतच उरतं. लघवीला जायचं तरी हाक मारायची, परत यायचं तरी हाक. किती वेळा मारणार? मग ते सकाळी घरूनच पाणी कमी पिऊन निघतं.

खरं तर पायऱ्यांशेजारी नीट उतार असला तर हे टळेल, आणि त्या उताराचं गणित चौथीतल्या मुलालाही सुटेल. एक फूट चढायचं तर उतार बारा फूट लांब हवा. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट, त्यासाठी अठरा फूट. पाच-सहा फुटांत सिमेंट ओतून केलेल्या चढाची कागदावर रॅम्प म्हणून नोंद होते. पण त्यावर चाकाची खुर्ची स्वतःच्या हातांनी चढवता येत नाही आणि उतरताना ती आवरत नाही. दोन्ही बाजूंना कठडा हवा, दार रुंद हवं, संडासापर्यंत वाट सलग हवी. आणि आपल्याकडच्या पावसात जमीन खरबरीत हवीच हवी.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेची इमारत अडथळ्यांविना असावी, असं सांगितलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं जुन्या सार्वजनिक इमारती सुधारायला नियम लागू झाल्यापासून पाच वर्षं दिली. ती 2022 मध्ये सरली. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही बजावलं, की सुगम्यतेचे किमान नियम नुसती शिफारस म्हणून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. मतदानाच्या दिवशी याच शाळांमध्ये म्हाताऱ्या आजींसाठी उताराची, खुर्चीची सोय आपण करतोच. मतदार एक दिवस येतो, लेकरू रोज येतं.

आज शाळेवरून जाल तेव्हा तिथल्या चढाशी क्षणभर थांबा. टेप लावून मोजा. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय काढा, आणि आधी त्या लेकरालाच विचारा, ‘बाळा, कुठं अडतं तुला?’ त्याच्याइतकी ती इमारत कुणीच मोजलेली नसते.

मग एखाद्या दुपारी ते कुणालाही न सांगता मैदानात उतरेल. घंटा होईल, तरी वर यायचं नाव घेणार नाही. आणि त्या दिवशी हाक गुरुजींना मारावी लागेल.