नव्या सेवेकऱ्यांच्या हाती काम द्या

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



दत्तजयंतीच्या सप्ताहासाठी यंदा काही नवी मंडळी सेवेला येऊ लागली आहेत. कुणी नोकरीनिमित्त नुकतेच बडोद्यात आलेत, कुणी लग्न होऊन इथे आल्यात. सर्वांचं मनापासून स्वागत!

आपले सद्गुरू तरी कुठे एका गावाचे होते? श्रीनृसिंह सरस्वती महाराजांचा जन्म वऱ्हाडातल्या कारंजाचा. वास्तव्य झालं नरसोबावाडीला आणि पुढे कानडी मुलखातल्या गाणगापुरात. श्री टेंबे स्वामी महाराज कोकणातल्या माणगावचे, जन्म १८५४ चा. आयुष्यभर पायी फिरले आणि १९१४ साली आपल्या जवळच्याच गरुडेश्वरी, नर्मदाकाठी समाधिस्थ झाले. महाराजांना परका मुलूख असा नव्हताच. तुम्हा-आम्हाला मात्र नव्या जागी रुळायला वेळ लागतो.

आम्ही उभयता नोकरीसाठी मस्कतला गेलो, तेव्हाचे पहिले महिने आठवतात. शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी एका गुजराती कुटुंबाकडे सत्संग असे. जायचं, आरती घ्यायची, प्रसाद घ्यायचा आणि खोलीवर परत. सगळे हसून बोलायचे, तरी आम्ही पाहुणेच. एकदा तिथल्या काकांनी प्रसादाचं ताट सरळ आमच्या हातात दिलं, ‘जरा वहेंची आपो ने!’ बस्स, तेव्हापासून वाटपाचं काम आमचं झालं. पुढे एका शुक्रवारी ताप आला म्हणून गेलो नाही, तर रात्री काकांचा फोन! आपण नसलो तर कुणाच्या तरी लक्षात येतं, हे परमुलखात केवढं मोठं असतं!

नवा माणूस सेवेतून गळतो, तो बहुधा श्रद्धा कमी पडली म्हणून नव्हे. तीन-चार गुरुवार तो भिंतीशी उभा राहतो. ‘असू द्या, आम्ही करतो, तुम्ही बसा,’ असं त्याला म्हटलं जातं, तेही प्रेमानंच. पण त्याला एवढंच कळतं, की आपल्यावाचून इथे काही अडत नाही. खरं तर महाराजांचं कुणावाचूनच अडत नाही. सेवा मिळते ती त्यांची कृपा. प्रसाद आपण एकटे खात नाही, मग सेवा तरी एकट्याकडे का ठेवावी?

नव्या मंडळींनो, चुकेल म्हणून थांबू नका. सतरंज्या घालणं, चपला नीट लावणं, भाजी निवडणं याला मंत्र लागत नाही. बाकीचं हळूहळू येतं. माहीत नसेल ते मोकळेपणानं विचारा.

आणि जुन्यांना हात जोडून विनंती. सप्ताहापर्यंत प्रत्येकानं एका नव्या सेवेकऱ्याला जोडीला घ्यावं. तो गुरुवारी दिसला नाही तर रात्री फोन करावा. ‘का आला नाहीत?’ असा जाब नको, नुसती खुशाली विचारावी. ही पण महाराजांचीच सेवा.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥