रविवार कुणाचा?

स्वतःसाठी वेळ काढा, असं हल्ली जो तो सांगतो. पहाटे उठा, श्वासाकडे लक्ष द्या, फोन लांब ठेवा. सगळे उपाय एकट्याने करायचे, आणि जमलं नाही तर दोषही आपल्याच माथी. प्रभादेवीत वाढलेल्या मला हे पटत नाही. आमच्या गिरणगावाला मोकळा वेळ मागून, भांडून मिळवावा लागला आहे.

1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या, त्यांत आठवड्याची एक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती. 24 एप्रिल 1890 ला सुमारे 10,000 कामगार सभेला जमले. दोन कामगार स्त्रियाही त्या सभेत बोलल्या. जूनमध्ये मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पोट हातावर असलेली ही माणसं पगाराच्या जोडीने रिकामा दिवस मागत होती, याचं मला फार मोल वाटतं. मागापासून उठल्यावरही आपण कुणीतरी आहोत, हे त्यांना ठाऊक होतं.

घरात मात्र त्या रविवारची वाटणी झालीच नाही. वडिलांची सुट्टी म्हणजे आईला मटणाचं वाटण, पाहुणे, आठवड्याचे कपडे. दुपारी तीनच्या सुमारास ती गॅलरीत तांदूळ निवडायला बसायची. एवढ्याशा तांदळाला तासभर कसा लागतो, हे मला कळायचं नाही. खूप पुढे तिनेच सांगितलं, ‘मांडीवर ताट असलं की कुणी दुसरं काम सांगत नाही गं.’ खडे केव्हाच निवडून झालेले असायचे. ती नुसती बसलेली असायची.

नुसता वेळ असूनही भागत नाही. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि वडिलांकडे वेळच वेळ आला. आठवडे सरले, महिने सरले. भजनाला न चुकता जाणारा माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. उद्याच्या भाकरीची खात्री नसेल, तर रिकामा दिवस माणसाला खायला उठतो. म्हणून रोजंदारीवरच्या माणसाला ‘जरा स्वतःकडे बघ’ असं सांगणं मला निष्ठुरपणाचं वाटतं.

आता गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या कचेऱ्यांपैकी एकीत मी काम करते. पगार वेळेवर होतो, रविवारी सुट्टीही असते. पण रविवारी सकाळीच कामाचे निरोप सुरू होतात. आईच्या मांडीवरचं ताट लोकांना लांब ठेवायचं. माझ्या हातातल्या फोनमधून सगळे आत येतात. फ्रान्समध्ये 2017 पासून, 50 किंवा अधिक कामगार असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेरच्या संपर्काबद्दल कामगारांशी बोलणी करावी लागतात. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी अशाच हक्काचं खासगी विधेयक 2018 मध्ये लोकसभेत मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही.

मी एकटीने रविवारी फोन बंद ठेवून पाहिला. माझं काम शेजारच्या टेबलावरच्या मुलीवर पडलं आणि तिचा रविवार गेला. म्हणून गेल्या महिन्यात आम्ही विभागातल्या सहाजणींनी मिळून एक अर्ज लिहिला. शनिवारी संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत निरोप नकोत, एवढंच त्यात आहे. खाली सहा सह्या आहेत. उत्तर अजून यायचं आहे.